आपलं नाव आपणच लिहायचं

या लेखात कुणाचंही नाव नाही. वकीलबाईंची तेवढी एकच अट होती. मी तुमच्याबद्दल लिहितोय असं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा. पण माझं नाव नको, आणि इथे येणाऱ्या कुणाचंही नको. नावं या खोलीतच राहतात." नावांचीच गोष्ट नावांशिवाय सांगायची म्हणजे माझी तारांबळ उडणार हे दिसतंच आहे, पण त्यांच्यापुढे हुज्जत घालून काही उपयोग होत नाही. मी दोन वर्षं दर शनिवारी त्यांच्या हाताखाली काम करतोय, तेव्हा हे अनुभवाने सांगतो.

मी मूळचा नागपूरचा. कॅनडातल्या स्कारबरोत येऊन वीस-बावीस वर्षं झाली, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे, ती म्हणजे फॉर्म भरणे. कुणाचा पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना, कुणाच्या सासूचा व्हिजिटर व्हिसा, कुणाच्या मुलीचा युनिव्हर्सिटीचा अर्ज, सगळं माझ्याकडे. गणपतीच्या जेवणात मी पंगतीला बसलो की शेजारचा हमखास फोन पुढे करणार, "जरा बघ ना, इथे काय टिक करू?" मला हे आवडायचं, खोटं कशाला बोलू. बायको म्हणते, देवाने तुला मंत्र्याचा पीए म्हणून घडवला होता, मधेच कुठेतरी तुझी फाईल बदलली.

तर अशा माणसाने स्वतःच्या आईच्या अर्जात घोळ करून ठेवला.

बाबा गेल्यानंतर आई नागपूरला एकटी राहत होती. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, आणि मी एकुलता एक. एके दिवशी ती न्हाणीघरात पडली आणि शेजाऱ्यांनी दार तोडेपर्यंत तीन तास तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण फोनवर ते ऐकलं तेव्हाच मी ठरवलं की तिला इथे कायमचं आणायचं. तिनेही तसं ठरवलं होतं का, हे मी विचारल्याचं आठवत नाही. आईवडिलांना कायमचं आणता यावं म्हणून इथलं सरकार सोडत काढतं, त्यात आमचा नंबर लागला. फॉर्म मी भरले आणि सहीपुरते तिला पाठवले. "पिवळी खूण आहे तिथे सही कर," एवढं सांगितलं. तिने केली.

वर्षभराने इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं. माझ्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव एक आहे आणि तिच्या पासपोर्टवर दुसरंच. "तुम्ही कधी दुसरं नाव वापरलं आहे का?" या प्रश्नाला अर्जदाराने "नाही" असं उत्तर दिलं आहे. म्हणजे एकतर ही बाई माझी आई नाही, किंवा तिने माहिती लपवली आहे. तीस दिवसांत खुलासा करा. लपवल्याचं ठरलं तर अर्ज फेटाळला जाईल आणि पुढची पाच वर्षं तिला पुन्हा अर्ज करता येणार नाही. एकोणऐंशी आणि पाच किती होतात हे मला कुणी सांगायला नको होतं.

घोळ कसा झाला ते सांगतो. माझा जन्म आईच्या माहेरी, यवतमाळला झाला. बाबा नागपुरात नोकरीवर होते. नगरपालिकेत नोंद करायला आजोबा गेले आणि त्यांनी मुलीचं नाव सांगितलं ते स्वतः ठेवलेलं. लग्नात बदललेलं नाव त्यांच्या तोंडात कधी बसलंच नव्हतं. हा दाखला मामेभावाने मला पाठवला तेव्हा ते नाव मी वाचलं होतं. हो, हे तिचं माहेरचं, असं मनात म्हटलं आणि पुढे गेलो. फॉर्ममध्ये प्रश्नाखाली बारीक अक्षरात "लग्नापूर्वीचं नाव" असंही लिहिलेलं होतं. तेही वाचलं होतं. पण मला तो प्रश्न चोर-भामट्यांसाठी वाटला, जे दिल्लीत एका नावाने राहतात आणि दुबईत दुसऱ्या. आई पन्नासहून अधिक वर्षांत त्या नावाने कुठे वावरली नव्हती. ते नाव म्हणजे तिच्या शाळेतल्या दोन वेण्या. होत्या कधीतरी, आता नाहीत. म्हणून मी "नाही" वर क्लिक केलं, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

बायको एका वृद्धांच्या होममध्ये अकाउंट्स बघते. तिथे काम करणाऱ्या केअरगिव्हर बायका बहुतेक फिलिपिनो. पत्र आल्यावर त्यांच्यातल्याच एकीने तिला सांगितलं की चर्चच्या बेसमेंटमध्ये शनिवारी एक वकीलबाई बसतात, त्यांना दाखवा.

"फिलिपिनो लॉयर?" मी म्हणालो.

"का? त्या फक्त म्हाताऱ्यांचे डायपर बदलतात असं वाटतं का तुला?" बायको म्हणाली.

मला तसंच वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण आपल्या मंडळींत हे असंच आहे. आपण इंजिनियर, डॉक्टर, आणि त्या नर्सा नाहीतर मुलं सांभाळणाऱ्या. कुणी तोंडाने बोलत नाही, पण सगळे धरून चालतात.

मी गेलो तो फेब्रुवारीतला शनिवार होता. बेसमेंटच्या दारापर्यंत एक उतार आहे आणि त्यावर बर्फाचा काचेसारखा थर होता. जुना, गुडघ्यापर्यंतचा पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, घातलेली एक बुटकी बाई बर्फ वितळावा म्हणून बादलीतून मीठ टाकत होती. मी विचारलं, "लॉयर किती वाजता येतात?" तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातात बादली दिली आणि म्हणाली, "हा उतार संपला की." मी मुकाट्याने उतारभर मीठ टाकलं. आत जाऊन बघतो तर तीच बाई पार्का खुर्चीला अडकवून टेबलामागे बसलेली. माझी फजिती तिने पुन्हा कधी काढली नाही. बायकोने मात्र अजून सोडलेली नाही.

दाराशी एक जाड वही असते, तिला दोरीने बांधलेलं पेन. आलेल्या माणसाने वहीत स्वतःचं नाव स्वतःच लिहायचं, येत असेल त्या लिपीत. माझ्यापुढे एक तमिळ आजोबा होते, त्यांना चष्मा सापडत नव्हता. मी सवयीने पेन उचललं, त्यांना नाव विचारलं आणि पहिलं अक्षर लिहिलंही. टेबलामागून आवाज आला, "त्यांचं नाव त्यांना लिहू द्या."

"त्यांच्याकडे चष्मा नाही," मी म्हणालो.

"मग आपण चष्मा शोधू," त्या म्हणाल्या.

आणि खरोखर सगळी रांग थांबली. दहा-बारा माणसं खुर्च्यांखाली, हातमोज्यांच्या ढिगात बघत होती. शेवटी चष्मा आजोबांच्याच कोटाच्या आतल्या खिशात निघाला. त्यांनी तो सावकाश पुसला, डोळ्यांवर चढवला आणि लांबलचक नाव वळणदार अक्षरात लिहिलं. मी मनातल्या मनात चडफडत होतो. एवढ्या वेळात माझे तीन फॉर्म भरून झाले असते.

माझा नंबर आला. वकीलबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मी खुलासा घरूनच टाइप करून नेला होता. वेबसाइटच्या तांत्रिक दोषामुळे उत्तर आपोआप "नाही" असं घेतलं गेलं, असा त्याचा मथितार्थ. सॉफ्टवेअरमधला माणूस असल्याने मी तो फार पटण्यासारखा लिहिला होता.

"असं झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण असं होऊ शकतं."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "हा मी पाठवणार नाही. तुम्हाला पाठवायचा असेल तर पोस्ट ऑफिस समोरच्या दुकानांच्या प्लाझात आहे."

मी डीएनए टेस्टचं काढलं. ती करू म्हणाल्या, त्याने नातं सिद्ध होईल. पण "नाही" का लिहिलं, ते डीएनए सांगत नाही. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि साधेपणाने विचारलं, "का लिहिलंत?"

तेव्हा मी त्यांना सांगायला बसलो की आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, मग पेढे वाटतात आणि त्या दिवसापासून ती त्या नावाची होते. आडनावच नाही, हाक मारायचं नावसुद्धा. आयुष्यभर पाहिलेली गोष्ट, पण इंग्रजीत सांगताना ती माझ्याच कानाला दुसऱ्या कुणाची तरी वाटायला लागली. वकीलबाई पेन खाली ठेवून ऐकत होत्या. मला वाटलं, त्या हसतील. त्या म्हणाल्या, "आणि जुनं नाव कुठे जातं?"



त्यांनी आपलं कार्ड काढून दाखवलं. त्यांच्या नावाच्या मधे एक शब्द होता. ते त्यांच्या आईचं लग्नापूर्वीचं आडनाव. त्यांच्या देशात प्रत्येक मुलाच्या नावामधे आईच्या माहेरचं आडनाव असतं, आणि कॅनडातल्या कचेऱ्या ते कधी गाळतात, कधी पहिल्या नावाला चिकटवतात. त्यामुळे एकाच बाईच्या तीन कागदांवर तीन माणसं तयार होतात. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या केअरगिव्हर याच दुखण्याने येतात. माझ्या पत्राचं त्यांना नवल का वाटलं नाही ते मला तेव्हा कळलं.

त्यांची काम करायची एक रीत आहे. फॉर्म, ईमेल, वकिली भाषा, सगळं नंतर. आधी माणसाने आपली हकीकत हाताने, आपल्या भाषेत लिहून आणायची आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. त्यांना मराठी कळत नाही, पंजाबी कळत नाही, पण त्या ऐकतात. इंग्रजीत सगळे फॉर्मसारखं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्या भाषेत वाचताना माणूस कुठेतरी अडखळतो, आणि कामाची गोष्ट तिथेच असते.

"लिहून आणतो," मी म्हणालो.

"तुम्ही नाही. आई," त्या म्हणाल्या. "प्रश्न त्यांना विचारला होता."

त्यांची स्वतःची हकीकत मला तुकड्यातुकड्याने कळली, बरीचशी इतरांकडून. फिलिपिन्समधल्या एका लहान गावात त्या सात वर्षं वकिली करत होत्या. नवरा गेला आणि पदरात दोन मुलं राहिली. मुलांना आपल्या आईकडे ठेवून त्या केअरगिव्हर म्हणून इथे आल्या. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी, त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहून, त्यांनी त्या दोघांचं आंघोळीपासून औषधापर्यंत सगळं केलं. कोर्टात युक्तिवाद करणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या आईची नखं कापायची यात त्यांना स्वतःला काहीच कमीपणा वाटत नव्हता. वाटलाच तर तो ऐकणाऱ्याला वाटतो. मला वाटला होता. रविवारी सुट्टी. त्या दिवशी बसस्टॉपवर जमणाऱ्या इतर केअरगिव्हर त्यांना कागद दाखवायच्या, आणि त्या तिथेच, थंडीत उभ्या राहून, ते वाचून समजावायच्या. कुणाचा पासपोर्ट मालकिणीने कपाटात ठेवलेला, कुणाला सुट्टीच मिळत नाही. मग इथल्या परीक्षा, एका वकिलाच्या ऑफिसात कारकुनी, आणि पन्नाशीला टेकताना इथली सनद. आता प्लाझामध्ये बेकरीच्या वर त्यांचं छोटं ऑफिस आहे. सोमवार ते शुक्रवार पोटासाठी, आणि शनिवार या खोलीसाठी. त्या कामाला त्या मोठं नाव देत नाहीत. "बसस्टॉपला छप्पर मिळालं, एवढंच," असं म्हणतात.

त्या काही देवीबिवी नाहीत. रागीट आहेत, वेळेवर जेवत नाहीत, गाडीच्या मागच्या सीटवर फाईलींचा उकिरडा असतो. आणि जगातल्या कुणालाही नाही म्हणत नाहीत, त्याचा भार घरच्यांवर पडतो. त्यांची मुलगी आता मोठी आहे, अधूनमधून कॉफी करायला येते. एकदा ती मला हसत म्हणाली, "शनिवारी इथे सगळ्यांना अर्धा तास मिळतो. लहानपणी मीसुद्धा वहीत नाव लिहायला हवं होतं." हसत म्हणाली खरी, पण वकीलबाईंनी ते ऐकलं आणि त्या बराच वेळ एकाच कागदाकडे बघत राहिल्या.

तर मी त्याच दिवशी आईला फोन लावला. नाव कसं बदललं ते एका पानावर लिहून पाठव म्हणालो.

"कोणाला पाहिजे?" आईने विचारलं.

"वकिलाला."

"तो काय करणार माझ्या नावाचं?"

"तो नाही, बाई आहे."

"मग लिहिते," आई म्हणाली.

एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. तिकडे तीस दिवस सुरू झालेले. मी रोज फोन करायचो, आणि आई शांतपणे सांगायची, "तू घाई करून राहिला. मी विचार करून राहिले." नवव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या सुनेने फोटो पाठवले. एक नाही, तीन पानं. आईचं अक्षर मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिरकं, बारीक, एकही खाडाखोड नसलेलं.

मी ते घरी वाचलं नाही. मुद्दाम नाही, वेळ झाला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. शनिवारी वकीलबाईंपुढे बसून पहिल्यांदाच वाचायला घेतलं.

आईने लिहिलं होतं की ते नाव तिच्या वडिलांनी ठेवलं. त्याच नावाने ती मॅट्रिक झाली, वक्तृत्वात बक्षिसं मिळवली, दोन वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं. वक्तृत्वाचं मला ठाऊक नव्हतं, शाळेचं तर नव्हतंच. पुढचं तिच्याच शब्दांत: लग्नात तांदळाचं ताट आलं, त्यात यांनी नाव लिहिलं, ते यांच्या आत्याने सुचवलेलं होतं. तसा रिवाज होता, माझी तक्रार नाही. पण वर्षभर कुणी नव्या नावाने हाक मारली की मला ओ द्यायचं सुचत नसे. सासूबाईंना वाटलं, सुनेला कमी ऐकू येतं. त्यांनी मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत.

इथे मी हसलो आणि वकीलबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्याही हसल्या. मी पुढे वाचू लागलो.

माझे वडील मला शेवटपर्यंत जुन्याच नावाने हाक मारत. ते गेल्यापासून कुणी मारलेली नाही. हा फॉर्म माझ्या मुलाने भरला. तो हुशार आहे, सगळ्यांचे फॉर्म भरतो.

तिथे मी थांबलो. पुढची ओळ डोळ्यांनी वाचली आणि पान उलटलं.

"तुम्ही थांबलात," वकीलबाई म्हणाल्या. "तिथे काय आहे?"

"काही नाही. घरगुती आहे."

"वाचा."

मी मराठीत वाचलं, मग इंग्रजीत सांगितलं. आईने लिहिलं होतं, त्याने मला हा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर मी हो म्हटलं असतं. मला अजून एक नाव आहे, ते माझ्याजवळच आहे.

वकीलबाईंनी आपल्या पॅडवर एक खूण केली. "हे सगळ्यात वर येईल," त्या म्हणाल्या.

मी जोरात विरोध केला. म्हणालो की यातून मी मूर्ख ठरतो, बेजबाबदार ठरतो, आईला न विचारता तिच्या नावाने उत्तरं देणारा ठरतो. त्या शांत होत्या. म्हणाल्या, "मूर्ख असणं हा कायद्यात गुन्हा नाही. लपवणं आहे. तुमच्या आईने काहीही लपवलेलं नाही, हे याच एका वाक्यात आहे. तुम्हाला काय वाचवायचंय, ते ठरवा."

मला रडू आलं. पंचावन्नाव्या वर्षी, चर्चच्या बेसमेंटमध्ये, आजूबाजूला खुर्च्यांवर अनोळखी माणसं बसलेली असताना. भीतीने आलं की लाजेने, सांगता येत नाही. आईला न विचारता मी फॉर्म भरला हे खरं होतं, आणि तिला इथे आणायचं ठरवलं तेही तसंच. वकीलबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे केला आणि त्या दारातल्या वहीत पुढचं नाव बघायला उठून गेल्या.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोन करून पहिल्यांदा विचारलं, "आई, तुला इकडे यायचंय का?" ती म्हणाली, "न्हाणीघरात पडून होते तेव्हा तुलाच हाका मारत होते. यायचंय."

पुरावे जमवले, डीएनएसाठी नमुने दिले. घरच्या माणसाचं भाषांतर चालत नाही, म्हणून जवळच्या मिसिसागा शहरातल्या एका अधिकृत अनुवादकाने ती तीन पानं इंग्रजीत केली. आईने कपाटातल्या कागदाखालून मॅट्रिकचं सर्टिफिकेट काढलं. नोटरीपुढे जाऊन दोन्ही नावांची व्यक्ती मीच, असं शपथपत्र केलं. आणि तिने न सांगता एक पितळी डब्याचा फोटो पाठवला. डब्यावर कोरलेलं होतं, अमुक हिला लग्नानिमित्त शाळेतल्या मैत्रिणींकडून सप्रेम भेट. नाव जुनं. त्या डब्यात माझ्या लहानपणापासून हरभऱ्याची डाळ असायची. मी तो शेकडो वेळा उघडला असेन, कोरलेलं कधी वाचलं नाही. वकीलबाईंनी तो फोटो मोठा करून छापला आणि पुराव्यात जोडला. मी म्हटलं, भांड्याला कोण विचारणार. त्या म्हणाल्या, "इतक्या जुन्या पितळेवर कुणी माझ्यासाठी खोटं कोरून ठेवणार नाही."

मुदत संपायच्या दोन दिवस आधी उत्तर गेलं. पहिल्या पानावर आईचं ते वाक्य होतं.

मग वाट बघणं. त्या महिन्यांत मी दर शनिवारी बेसमेंटमध्ये जायला लागलो. आधी मीठ टाकायला, मग खुर्च्या मांडायला, मग लोकांजवळ बसायला. फॉर्म येत असलेल्या माणसाला तिथे सगळ्यात अवघड काम असतं, ते म्हणजे पेनला हात न लावणं. वकीलबाई दुरून लक्ष ठेवून असायच्या. मी कुणाचं वाक्य पुरं करायला गेलो की नुसतं माझ्याकडे बघायच्या. एका संध्याकाळी त्यांना घरी सोडताना गाडीत मी विचारलं, एवढा हट्ट का. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की त्यांची आई गेली तेव्हा त्या इथे दुसऱ्याची आई सांभाळत होत्या. कागद प्रक्रियेत होते, कॅनडा सोडला असता तर परत येता आलं नसतं, मुलांचं येणंही अडलं असतं. म्हणून गेल्या नाहीत. तिकडे भावाने कागदपत्रं केली, आणि मृत्यूच्या दाखल्यावर आईचं नाव चुकीचं पडलं. ते अजून तसंच आहे. मग त्यांनी मला पुढच्या सिग्नलला डावीकडे वळायला सांगितलं.

पाच महिन्यांनी होकार आला. मी तो ईमेल ऑफिसात उभ्याने वाचला आणि वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. वकीलबाईंना फोन केला तर त्या "छान" म्हणाल्या आणि शनिवारी कॉफीसाठी दूध आणायला सांगितलं.

आई आली ती दोन स्वेटरांवर शाल, डोक्याला कानटोपी आणि हातात त्याच डब्याची पिशवी घेऊन. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "त्या बाईकडे ने मला." शनिवारी आम्ही गेलो. माझ्या मुलीने, म्हणजे तिच्या नातीने, तिला एका बाजूने धरलं होतं, मी दुसऱ्या. उतारावर मीठ मीच टाकलेलं होतं.

वकीलबाई टेबलामागून उठून दाराशी आल्या. इथली पद्धत म्हणून मी आईला शिकवलं होतं, तसा तिने शेकहँडसाठी हात पुढे केला. वकीलबाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, वाकल्या आणि त्याची पाठ आपल्या कपाळाला लावली. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात, हे मला नंतर त्यांच्या मुलीने सांगितलं. आईला कुणी सांगावं लागलं नाही. तिने दुसरा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "सुखी राहा, बाई." वकीलबाई लगेच सरळ झाल्या नाहीत. त्या खोलीत त्यांचं काम थांबलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

मग त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. नियम सगळ्यांना सारखा. आईने पिशवी माझ्याकडे दिली, चष्मा लावला, दोरीचं पेन उचललं आणि लिहायला लागली. पहिली दोन अक्षरं उमटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, ते नाही. पासपोर्टवरचं लिही."

आईने मान वर केली नाही. वकीलबाईंना मराठीचा एक शब्द कळत नाही, पण त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नातीने हसू दाबायला दुसरीकडे तोंड फिरवलं.

आई सावकाश लिहीत होती, तसंच तिरकं, बारीक, खाडाखोड न करता. नाव पूर्ण झाल्यावर तिने वही थोडी लांब धरून बघितलं आणि खाली ठेवली. मग पेन माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता तुझं लिही."